सड्यावर गुडघे टेकून

सातबाऱ्यावर एक शब्द असतो: पोटखराबा. लागवडीला निरुपयोगी जमीन. राजापूर तालुक्यात माझ्या मामाच्या वाट्याला जो सडा (खडकाळ पठार) आलाय, त्याचा बहुतेक भाग या एका शब्दात संपतो. मे महिन्यात त्या शब्दाशी भांडावं असं तिथं काही दिसत नाही. तापलेला काळपट जांभा, वाळक्या गवताची खुंटं, लांबवर एखादी करवंदीची जाळी. गणपतीत गेलात तर हिरवं दिसतं, पण उभ्याने पाहिलंत तर नुसतं हिरवंच.

काही वर्षांपूर्वी अशाच गणपतीत मी मोबाइलला चिमट्याने अडकवायचं स्वस्तातलं भिंग घेऊन त्या सड्यावर गेले आणि एका उथळ डबक्याच्या काठाशी उकिडवी बसले. अर्धा तास झाला तरी उठेना, म्हणून मामा बघायला आला. "काय गो, कानातलं पडलं काय तुझं?" मी त्याला स्क्रीन दाखवली. सीतेची आसवं. करंगळीच्या नखाएवढं जांभळट फूल, त्याचा खालचा ओठ घागऱ्यासारखा पसरलेला. मामा म्हणाला, "ही होय! ही काय, सगळीकडे असतात." मग जरा थांबून, चष्मा वर करून, "पण अशी असतात होय?"

मामा त्या सड्यावर साठ वर्षं चालतोय. गुरं कुठे नेली तर पाय घसरतो, पहिल्या पावसानंतर कुठल्या खोलगटात पाणी किती दिवस टिकतं, हे त्याला माझ्यापेक्षा हजारपट ठाऊक. तरीही "अशी असतात होय?" हा प्रश्न त्याला पडला. मग ज्यांनी तो सडा कधी पाहिलाच नाही आणि ज्यांच्या सहीने त्याचं भवितव्य ठरतं, त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची?

माझं म्हणणं असं आहे. जी जमीन उभ्याने बघून रिकामी वाटते, ती आपण कागदावरही रिकामी ठरवतो आणि मग तिथं काहीही करायला मोकळे होतो. अशा वेळी जवळून काढलेला फोटो हा पुरावा असतो. पण पुरावा गोळा करणाऱ्याला जी शिस्त लागते, ती आम्ही मॅक्रोवाल्यांनी, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणाऱ्यांनी, पाळलेली नाही, आणि जिथं तो मांडायला हवा तिथं मांडलेलाही नाही.

सडा म्हणजे डोंगराच्या किंवा टेकाडाच्या माथ्यावरचं खडकाळ पठार. कोकणात आणि घाटमाथ्यावर ते बहुतांशी जांभ्याचं असतं. (या दगडाचं 'लॅटेराइट' हे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८०७ मध्ये केरळमधल्या अंगाडीपुरमच्या दगडावरून दिलं. ते लॅटिनमधल्या 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून आलंय. म्हणजे नाव ठेवणाऱ्यालाही पहिल्यांदा दिसलं ते बांधकामाचं साहित्यच.) माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. आठ महिने भाजणं आणि चार महिने भिजणं. अशा जागी झाड मोठं होऊ शकत नाही, म्हणून इथलं सगळं वैभव घोट्याच्या खाली असतं. मातीत नत्र नाही, तर सीतेच्या आसवांनी चिखलात मिलिमीटरभर आकाराच्या पिशव्या लावल्यात. एखादा सूक्ष्म जीव त्यांच्या केसाला टेकला की सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढते. वनस्पतींच्या जगातल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक, आणि ती आपल्या चपलेच्या तळाशी चालू असते. शेजारी दवबिंदू. त्याच्या पानांवरच्या चिकट थेंबांना दव समजून चिलटं उतरतात आणि तिथंच राहतात.

सरकारी नकाशांत याला जागा नाही असं नाही. देशाच्या 'वेस्टलँड ॲटलस'मध्ये उघड्या खडकाळ जमिनीचा स्वतंत्र वर्गच आहे, पण पुस्तकाच्या नावातच निकाल देऊन ठेवलाय. एकदा 'वेस्ट' म्हटलं की पुढची वाट सोपी होते. कोकणात चिरेखाणी, सुरुंग लावून खड्डे पाडून, बाहेरून माती आणून केलेल्या आंबा-काजूच्या बागा, साताऱ्याकडे पवनचक्क्या, गोव्यात मोप्याच्या पठारावर विमानतळ. यातलं सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. हापूस मीही खाते आणि आमचं घर चिऱ्याचंच आहे. माझी तक्रार एवढीच, की या प्रत्येक व्यवहारात 'तिथं होतं काय?' या रकान्यात 'काही नाही' असं लिहून पुढे जाता येतं. मोप्याच्या बाबतीत तर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती आणि पर्यावरण अहवालातल्या उणिवांवर बोट ठेवलं होतं. पुढच्या वर्षी स्थगिती उठली, आज तिथं विमानं उतरतात.

सड्यांबद्दलचा आंधळेपणा फक्त बारीक गोष्टींपुरता आहे असंही नाही. याच कोकणातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. त्यावरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या चालत गेली, कारण चित्र इतकं मोठं की उभ्या माणसाच्या नजरेत मावत नाही. रत्नागिरीच्या काही अभ्यासकांनी गावोगाव फिरून, कातळावरची माती झाडून ही शिल्पं नोंदवली तेव्हा कुठे २०२२ मध्ये त्यांतली काही युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथं वर जावं लागलं, इथं खाली बसावं लागतं. साडेपाच फुटांवरून सरळ समोर बघण्याची आपली जी सवय आहे, तिला दोन्हीकडचं दिसत नाही.

पर्यटन याच सवयीवर चालतं. सनसेट पॉइंट, सुईसाइड पॉइंट, एको पॉइंट. कठड्याला टेकायचं, हात पसरायचे, फोटो काढायचा, भजी खायची. कास पठाराला आपण त्याच साच्यात बसवलं. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पश्चिम घाटातल्या ३९ जागांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या चारांमधली ती एक. ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद असलेली जागा, आणि आपण तिला नाव काय दिलं? 'फुलांचा गालिचा'. गालिचा हा शब्द मला टोचतो. गालिच्यावर लोळतात. गालिच्यावर चपला काढून का होईना, पण पाय ठेवतातच.

सप्टेंबरातल्या एका रविवारी तिथं माझ्या पुढे एक कुटुंब चाललं होतं. बाबांच्या हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी काढलेला गेंद या रानफुलाचा फोटो, पूर्ण स्क्रीनभर. ते फोटोकडे बघत, मग जमिनीकडे बघत, आणि शेवटी वैतागून बायकोला म्हणाले, "अगं, ह्यात एवढं मोठं दिसतंय, इथं तर काहीच नाहीये." काहीच नाही! त्यांच्या पायांशी हजारो गेंद होते. शर्टाच्या बटणाएवढा पांढरा गोळा, आणि एकेका गोळ्यात डझनावारी फुलं, ज्यांचे काळे परागकोष भिंगाशिवाय ओळखू येत नाहीत. पण त्यांची चूक नव्हती. चूक तो फोटो काढणाऱ्याची होती. आम्ही तीळ दाखवतो नारळाएवढा आणि कुठेही सांगत नाही की हा तीळ आहे. फोटो ताऱ्यासारखा चमकतो, 'वॉव' मिळतात, आणि बघणारा तो आकार मनात धरून तीनशे किलोमीटर गाडी चालवत येतो. म्हणून माझी पहिली मागणी आमच्याच जमातीकडे आहे: जवळून काढलेल्या फोटोसोबत एक फोटो आकार कळेल असा द्या. शेजारी तांदळाचा दाणा ठेवा, आगकाडी ठेवा, स्वतःचं बोट ठेवा. फोटोची नजाकत थोडी कमी होईल, होऊ दे.

आता या छंदाच्या बाजूने बोलते, कारण त्याच्यात एक गोष्ट अशी आहे जी दुसऱ्या कुठल्याही सहलीत सापडत नाही. मॅक्रो लेन्सवर १:१ म्हणजे वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. पूर्ण चौकट छत्तीस बाय चोवीस मिलिमीटर, टपाल तिकिटाएवढी. लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवलं तरी खोलीतला जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. वाऱ्याची झुळूक आली की फूल चौकटीबाहेर, आपण श्वास घेतला की फोकस बाहेर. त्यामुळे थांबावं लागतं. थांबण्याची हौस असो वा नसो, ते लेन्सच्या गणितातच लिहिलंय. आणि थांबलं की मूळ विषय सोडून बाकीचं दिसायला लागतं. दवबिंदूच्या पानाचं टोक मघाशी सरळ होतं, आता चिलटाभोवती वळलंय. मुंगी पाकळीपर्यंत येते आणि दर वेळी एकाच ठिकाणाहून परत फिरते. का? तिथं काय आहे? असा प्रश्न मला पॉइंटवर कधी पडलेला नाही.

यासाठी लाखाचा कॅमेरा लागतो ही समजूतही काढून टाकायला हवी. जुनी ५० मिमीची लेन्स उलटी धरून कॅमेऱ्याला लावा, फ्लॅशवर बटर पेपर सेलोटेपने चिकटवा, काम भागतं. आजच्या बऱ्याच मोबाइलना तर तेवढंही नको. आणि कॅमेराही नसेल तर शाळेतल्या प्रयोगशाळेतलं भिंग आहेच.

कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण यातून निष्पन्न काय होतं? तर २०१६ मध्ये साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून एका सरड्याचं वर्णन नवी जाती म्हणून प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांखालचं हेच ते पठार. नराच्या गळ्याला निळ्या-काळ्या-केशरी रंगांचा पंखा असतो. त्याच्या प्रजातीचं नाव शास्त्रज्ञांनी मराठीतून उचललं: 'सरडा'. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या नोंदींत आता आपला सरडा 'सरडा' याच नावाने बसलाय. २०२० मध्ये आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडातून माशाची नवी जात जाहीर झाली, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. त्या कुंडाला माणसं किती काळ नमस्कार करत आलीत! २०२१ मध्ये ठाण्याच्या परिसरातून काही मिलिमीटरचा एक उडी मारणारा कोळी समोर आला आणि त्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं. हे सगळं वहिवाटीच्या जागी सापडलं. फोटोवरून नवी जात ठरत नाही, त्यासाठी नमुना लागतो, मोजमाप लागतं, वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो. पण 'हे काहीतरी वेगळं आहे' अशी पहिली शंका पुष्कळदा वाकून बघणाऱ्यालाच येते.

इथवर वाचून फोटोवाल्यांची छाती फुगली असेल, तर पुढचंही वाचा.

एका पावसाळ्यात, जागेचं नाव घेत नाही, मी एका पायवाटेपासून चार हात आत जाऊन, पालथी पडून, दवबिंदूच्या एका फुलाचा फोटो काढला. चांगला आला, अजूनही माझ्या आवडत्या फोटोंत आहे. उठले आणि मागे वळून पाहिलं तर माझा पूर्ण ठसा तिथं उमटलेला. कोपरांचे दोन खळगे, गुडघ्यांचे दोन, मध्ये पोटाखाली सपाट झालेला चिखल. चौकटीत एक दवबिंदू होता. चौकटीबाहेर किती होते ते मी मोजलं नाही, मोजायचं धाडस झालं नाही. उभ्याने चालत जाणारा पर्यटक दोन पाय ठेवतो. पालथा पडणारा निसर्गप्रेमी अख्खा देह ठेवतो. त्यामुळे 'बघणारे कमी नुकसान करतात' हे खरं नाही. माणशी हिशेब काढला तर आम्ही जास्तच करतो.

आणि हे झालं अजाणता. जाणूनबुजून चालतं ते याहून वाईट. पावसाळी रात्री टॉर्च घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांत मी स्वतः पाहिलंय, हरणटोळासारखा साप काठीने उचलून 'जरा बऱ्या' फांदीवर ठेवला जातो, बेडकाला पाण्यातून काढून शेवाळलेल्या दगडावर बसवलं जातं, आणि मग दहाजण रांग लावून तासभर त्याच्या डोळ्यांत फ्लॅश मारतात. कीटक हलू नये म्हणून त्यांना थंड करणारे आहेत, फुलावर स्प्रेने पाणी मारून 'दव' पाडणारे आहेत. आपला फोटो झाल्यावर फूल खुडून टाकणारेही आहेत, म्हणजे दुसऱ्याला तोच फोटो मिळू नये. असल्या फोटोंना बक्षिसं मिळतात. स्पर्धा भरवणाऱ्यांनी कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल मागवण्याबरोबर फोटो कसा काढला याचंही लेखी निवेदन मागवलं पाहिजे आणि खोटं सापडलं तर नाव जाहीर केलं पाहिजे. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

दुसरी बाजू दिसते ती ठिकाण सांगण्याच्या बाबतीत. आमच्यात हल्ली 'लोकेशन विचारू नका' असं लिहायची पद्धत आहे. कारण खरं आहे. एखाद्या कंदीलपुष्पाची जागा फुटली की पुढच्या शनिवारी तिथं गाड्या लागतात. नोंदी ठेवणारी काही संकेतस्थळं दुर्मीळ जातींचं ठिकाण आपोआप धूसर करतात, ते योग्यच. पण या गुप्ततेची दुसरी टोकाची गोष्ट मी पाहिलीय. जागा इतकी लपवली जाते की ज्यांच्या गावात ती आहे त्यांनाही ती कळत नाही. मुंबई-पुण्याच्या वीस माणसांना माहीत, गावच्या सरपंचाला नाही. मग जेसीबी येतो तेव्हा हरकत घ्यायला कुणी नसतं, आणि तीच वीस माणसं फेसबुकवर हळहळतात. माझं स्पष्ट मत आहे: ठिकाण पर्यटकांपासून लपवा, ग्रामसभेपासून लपवू नका. तुम्ही ज्या कातळावर गुडघे टेकले तो कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे. त्याला आधी सांगा.

आणि सांगायला जागा आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घालून दिल्यावर या वह्या भराभर पूर्ण झाल्या. मी चाळलेल्या दोन-तीन वह्यांत आंबा, फणस, वड, पिंपळ, गाय, म्हैस, मोर व्यवस्थित होते. सड्यावरचं काहीही नव्हतं. नसणारच, कारण माहिती सांगायला बसलेल्या माणसाला जे उभ्याने दिसतं तेच आठवतं. दुसरीकडे आमच्या हार्ड डिस्कांत त्याच गावच्या सड्याचे तारीख-वेळेसह हजारो फोटो पडून आहेत. ही दोन टोकं जोडायला नवा कायदा नको. छापील फोटो, मागे तारीख, गट नंबर आणि माहीत असल्यास नाव, एवढं ग्रामपंचायतीत नेऊन द्यायचं आणि पोच घ्यायची. उद्या त्या सड्यावर काही येणार असेल तर 'काही नाही'च्या रकान्यासमोर निदान एक कागद तरी असेल.

कासबद्दलही दोन शब्द. ऑनलाइन बुकिंग आणि रोजच्या संख्येवर मर्यादा हे उपाय चांगले आहेत. मध्यंतरी कुंपण घातलं होतं, गुरं थांबली, गवत माजलं, लहान फुलं दबली अशी ओरड झाली आणि ते काढलं. गुरांचे खूर आणि शेण हाही त्या पठाराच्या घडणीचा भाग आहे, हे कळायला एवढा उपद्व्याप करावा लागला. आता यापुढची पायरी म्हणून काही वेळ फक्त बसून बघण्यासाठी राखून ठेवावा. आठ-दहा जणांचा गट, पायवाटेच्या कडेच्या उघड्या कातळावर ठरलेल्या जागा, प्रत्येकाच्या हातात भिंग, आणि सोबत कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांतली तरुण मुलंमुली. त्यांनी एका हातभर जागेतलं अर्धा तास दाखवायचं, पैसे आजच्यापेक्षा जास्त घ्यायचे. गालिचा बघायला आलेल्यांना कंटाळा येईल. येऊ दे, ते पुढच्या वेळी दुसरीकडे जातील.

मामाच्या सड्याकडे येते. यंदा मे महिन्यात एक चिरेखाणवाला येऊन गेला. त्याने दगड ठोकून पाहिला, पसंत केला, आकडा सांगितला. आकडा खोटा नाही. मामाच्या धाकट्याला मुंबईत खोली घ्यायचीय आणि आंब्याने दोन वर्षं दगा दिलाय. मी सीतेच्या आसवांचे, दवबिंदूचे, जूनमधल्या पांढऱ्या दीपकाडीचे फोटो छापून त्याच्याकडे घेऊन गेले होते, प्रत्येकाशेजारी तांदळाचा दाणा. त्याने एकेक फोटो उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "ह्याचे कोण किती देतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर मी जे काही लिहिलंय त्यातही ते नाही. ज्या जमिनीला आपण पोटखराबा म्हणतो ती राखणाऱ्याला काय द्यायचं, हे अजून कुणी ठरवलेलंच नाही. मामाने फोटो परत दिले नाहीत. सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवले, दोरी बांधली आणि म्हणाला, "बघू. गणपतीपर्यंत थांब म्हटलंय त्याला."